सेरामपूरची सामायिक थैली

गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट. संडे स्कूलच्या मुलांची बक्षिसे आणि सहल यांसाठी जमलेले पैसे माझ्याकडे होते. दहा-बारा वर्षे ते माझ्याकडेच असतात. एक खाकी पाकीट, एक वही आणि उरलेला हिशेब डोक्यात. त्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या नव्या शिक्षिकांपैकी एक मुलगी, जी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सहज म्हणाली, "सर, वही एकदा देता का? मी सगळं नीट मांडून देते." तिच्या बोलण्यात काही वाकडे नव्हते. तरी माझ्या तोंडून निघून गेले, "का? माझ्यावर विश्वास नाही का?"

ती बिचारी गोरीमोरी झाली. मी पाकीट पिशवीत टाकले आणि घरी आलो.

त्याच महिन्यात मी मोठ्या मुलांच्या वर्गाला तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय शिकवत होतो. आपण जगात काही आणले नाही आणि काही नेणारही नाही. अन्नवस्त्र असले की तेवढ्यात समाधान मानावे. द्रव्याचा लोभ माणसाला कुठे नेतो, असा सारा विषय. फळ्यावर 'लोभ' आणि 'समाधान' हे दोन शब्द लिहून मी मुलांकडून उदाहरणे काढून घेत होतो. त्या पाकिटातला एक रुपयाही मी कधी स्वतःसाठी वापरलेला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मग त्या मुलीचा प्रश्न मला एवढा झोंबला का?

कॉलेजात माझा विषय इतिहास होता. मन अडले की मी जुनी चरित्रे काढून बसतो, ही माझी जुनी खोड. त्या आठवड्यात हाताला विल्यम केरी लागले. त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी पैशांची आहे आणि ती व्यासपीठावरून फारशी सांगितली जात नाही.

केरींचे नाव बंगालशी जोडलेले असले तरी मराठीवर त्यांचे ऋण मोठे आहे. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण निघाले. त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले होते. १८११ मध्ये नवा करार आला. वैजनाथ शर्मा नावाचे पंडित या कामात त्यांचा उजवा हात होते. ती मराठी आज वाचताना अडखळायला होते, हे खरे. पण मुंबईत अमेरिकन मिशनरी उतरण्याआधीच हुगळीच्या काठावर कोणी तरी आपल्या भाषेचे खिळे पाडत बसले होते, ही गोष्ट मला दर वेळी नवलाची वाटते. आणि ज्या पगारावर हे चालले होते, त्याचा एक भाग कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवण्याबद्दलच मिळत होता.

पण ते पुढचे. आधी गरिबी.

केरींचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरमधला. धंदा चांभारकामाचा. मोल्टन गावी पाळक झाले तेव्हा मंडळीकडून वर्षाला वीस पौंडही मिळत नसत, म्हणून जोडे शिवणे आणि शाळा चालवणे सुरूच होते. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात एका विधवेच्या घरी काही बॅप्टिस्ट पाळक जमले आणि त्यांनी मिशनसाठी संस्था काढली. वर्गणीचे आकडे त्या रात्री कागदावर पडले: तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. तेवढ्या भांडवलावर पुढच्या वर्षी केरी जहाजात बसले. सोबत पत्नी डोरोथी, तिची बहीण, चार मुले (धाकटे काही आठवड्यांचे) आणि डॉक्टर जॉन थॉमस.

हे थॉमस मोठे गोड माणूस होते. प्रार्थनेत रडणारे, गरिबांना फुकट औषध देणारे. पण त्यांच्या हाताला पैसा टिकत नसे. इंग्लंड सोडतानाच सावकार त्यांच्या मागे होते. कलकत्त्याला पोचल्यावर सोबत आणलेल्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांच्या हाती होते आणि ते बघता बघता संपले. थॉमसना लोभी म्हणता येणार नाही. पैशाला ते किंमतच देत नसत, आणि ती किंमत दुसऱ्याच्या बायकामुलांनी मोजली. केरींचे कुटुंब परक्या शहरात आसऱ्यासाठी फिरले, मग सुंदरबनच्या दलदलीत जाऊन राहिले. पत्नी आणि मोठा मुलगा आजारी पडले. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर वारला. त्यानंतर डोरोथीबाईंचे मन जे ढळले ते १८०७ मध्ये त्या देवाघरी जाईपर्यंत सावरले नाही.

डोरोथीबाईंना मुळात इथे यायचेच नव्हते. बहीण सोबत येते म्हणाली तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी त्या तयार झाल्या. म्हणून केरींच्या साधेपणाबद्दल, थोडक्यात भागवण्याबद्दल वाचताना माझे मन नेहमी त्यांच्याजवळ अडखळते. स्वतः मीठभाकरीत सुख मानणे वेगळे आणि घरातल्यांना न विचारता ती त्यांच्या ताटात वाढणे वेगळे. आपल्याकडे सेवेत असलेल्या किती तरी घरांत ही गोष्ट घडते आणि आपण तिला बापाचा विश्वास म्हणून साक्षीत सांगतो.

१७९४ मध्येच केरींना मालद्याजवळ मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली. पगार महिना दोनशे रुपये. हाती पैसे येताच त्यांनी काय केले, तर इंग्लंडला संस्थेला पत्र लिहिले: आता माझ्यासाठी काही पाठवू नका, तो पैसा दुसरीकडे नवे काम उघडण्यासाठी लावा. फक्त फुलझाडांचे आणि भाज्यांचे बी दर वर्षी पाठवत जा, त्याचे पैसे मी देईन. (बागेचे वेड त्यांना आयुष्यभर होते. समाधानी माणूस रुक्षच असला पाहिजे, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने केरींच्या बागेबद्दल वाचावे.)

या पत्राला तिकडून आलेले उत्तर मात्र उपदेशाचे होते. व्यापाराच्या मागे लागून मिशनरीचे मन मावळू नये, अशी काळजी समितीतल्या काहींना वाटली. केरींना ते फार लागले. मी गरीब होतो, गरीब आहे, आणि बंगालीत शास्त्र छापून होईपर्यंत गरीबच राहणार, अशा अर्थाचे त्यांनी कळवले. आपल्या मिळकतीचा चांगला मोठा हिस्सा ते कामावरच खर्च करत होते. दूर बसलेल्या माणसांना हिशेब दिसत नाही, आणि जवळच्याला आपल्यावर संशय घेतला असे वाटते. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी जे मोठे भांडण झाले, त्याचे बी मला इथेच पडलेले दिसते.

१८०० च्या जानेवारीत केरी सेरामपूरला आले. आपले अहिल्यानगरकडचे श्रीरामपूर नव्हे. हे कलकत्त्याच्या वरच्या अंगाला हुगळीच्या काठी वसलेले, तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यातले गाव. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, डॅनिश गव्हर्नरने थारा दिला. जोशुआ मार्शमन हे शाळामास्तर आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक आधीच येऊन थांबले होते. सगळ्यांनी मिळून सहा हजार रुपयांना एक मोठे घर घेतले आणि एक नियम केला. कोणीही स्वतःसाठी धंदा करायचा नाही. जो जे कमावेल ते एका सामायिक थैलीत जाईल. जेवण एका टेबलावर. घराचा कारभार दर महिन्याला एकेकाने पाहायचा. थैली केरींकडे. आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली: आठवडाभरात ज्याचे ज्याच्याशी वाकडे आले असेल त्याने ते सर्वांदेखत बोलून मिटवायचे आणि पुन्हा एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन द्यायचे.

प्रेषितांच्या कृत्यांतल्या पहिल्या मंडळीचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होते, हे उघड आहे. पण त्या अध्यायांचा उत्साह पुष्कळांना येतो आणि सहा महिन्यांत ओसरतो. इथे शनिवार होता. मला त्या सगळ्या व्यवस्थेत शनिवारच सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

थैली भरू लागली. मार्शमन पतीपत्नींच्या निवासी शाळा नावारूपाला आल्या. हॅना मार्शमन यांच्या कष्टांशिवाय हे घर चाललेच नसते. वॉर्ड यांच्या छापखान्याला बाहेरची कामे येऊ लागली. आणि १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींची नेमणूक झाली. आधी बंगाली, मग संस्कृत, मग मराठी. पगार महिना पाचशे रुपये. १८०७ मध्ये ते प्राध्यापक झाले तेव्हा महिना हजार. पौंडाला साधारण आठ रुपये असा तो काळ. म्हणजे मोल्टनच्या पाळकाला वर्षभरात जे मिळत असे, त्याच्या कितीतरी पट आता एका महिन्यात हातात पडत होते.

त्यांतले घरी किती राहिले? सुरुवातीच्या काळाबद्दल नोंद अशी आहे की कुटुंबासाठी वर्षाला चाळीस पौंड त्यांनी ठेवले, आणि आणखी वीस पौंड कपड्यांसाठी, कारण कॉलेजात आणि गव्हर्नर जनरलच्या बंगल्यावर बरा कोट घालून जावे लागे. हिशेब केला तर महिना चाळीस रुपयांच्या आसपास येतो. पाचशेतले बाकीचे सगळे थैलीत. आणि ती थैली बायबलच्या भाषांतरांवर, खिळ्यांवर, कागदावर, पंडितांच्या पगारावर, गरीब मुलांच्या शाळांवर रिती होत होती. त्या बंगल्यावरच्या एका मेजवानीत कोणा अधिकाऱ्याने, केरी ऐकतील अशा बेताने, हे पूर्वी जोडे बनवत असत ना, असे विचारले. बनवत नव्हतो साहेब, फक्त फाटलेले शिवत होतो, असे केरींनी सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पैशाप्रमाणे मानाचीही हाव सुटलेल्या माणसालाच असे उत्तर सुचते.

ऑक्टोबर १८०५ मध्ये या मंडळींनी आपला करारनामा कागदावर उतरवला. आपला वेळ, आपली शक्ती, आपले कुटुंब, अंगावरचे कपडे यांतले काहीही आपले मानायचे नाही, असा त्याचा शेवट होता. वर्षातून तीनदा तो प्रत्येक ठाण्यावर सर्वांसमोर वाचायचा, असेही ठरले. ज्याला आपल्या मनाची खात्री असते तो असे तीनदा वाचत नाही. त्यांना आपल्या मनाची खात्री नव्हती, हे त्यांचे मोठेपण.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे ढीग, अनेक लिपींचे खिळे, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते राख झाली. नुकसान सुमारे दहा हजार पौंडांचे. केरी त्या रात्री कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी परतून ते राखेतून फिरले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पण राख उपसताना खिळे पाडण्याचे ठसे आणि साचे शाबूत सापडले आणि काही आठवड्यांत काम पुन्हा सुरू झाले. इंग्लंडला बातमी पोचली तेव्हा सगळ्या पंथांच्या लोकांनी इतके पैसे दिले की सुमारे दोन महिन्यांत भरपाई पुरी झाली आणि आता पुरे, असे जाहीर करावे लागले. संस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी मात्र केरींना एक सावधगिरीचे पत्र लिहिले. आगीने तुमचे नाव सगळीकडे झाले आहे, आता स्तुतीचा धूप पेटेल आणि तो आगीपेक्षा घातक ठरू शकतो, असा त्याचा आशय. असा मित्र लाभणे भाग्याचे. फुलर १८१५ मध्ये वारले.

आणि मग ते सगळे सुरू झाले.

फुलरच्या काळात कारभार ओळखीवर चालत होता. ते केरींना जहाजात बसण्याआधीपासून जाणत होते. त्यांच्या मागे लंडनच्या समितीत आलेल्या माणसांनी सेरामपूर पाहिलेले नव्हते आणि या तिघांनाही ते फारसे ओळखत नव्हते. त्यांनी साधा प्रश्न विचारला: ही घरे, हा छापखाना, ही जमीन कोणाची? १८१६ मध्ये त्यांनी सुचवले की मालमत्ता विश्वस्तांच्या नावे करावी आणि त्यांतले बहुसंख्य इंग्लंडमधले असावेत. तिघांनी १८१७ मध्ये उत्तर दिले. आमचा किंवा आमच्या मुलाबाळांचा यातल्या एका विटेवरही हक्क नाही, हे सारे देवाच्या कामासाठी आहे. पण कारभार आमच्याच हाती राहील. तुम्ही पाठवलेल्या पैशांचा हिशेब तुम्ही मागा, आम्ही स्वतः मिळवून दिलेल्याचा नाही.

हे उत्तर मी दोनदा वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. कारण त्यातला सूर माझ्या ओळखीचा होता. एक रुपया घेतला नाही, म्हणून विचारायचे नाही.

इकडे सेरामपूरमध्येही फाटले. इंग्लंडहून नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांना वडीलधाऱ्यांची, विशेषतः मार्शमन यांची, हुकमत जाचू लागली. ते कलकत्त्याला वेगळे झाले. त्यांत केरींचा सख्खा पुतण्या युस्टेस केरीही होता. मार्शमन यांनी गुपचूप माया जमवली आहे, त्यांच्या टेबलावर थाट असतो, असे आरोप इंग्लंडच्या मंडळ्यांत फिरू लागले. मग पत्रके निघाली, त्यांना उत्तरे निघाली. १८२३ मध्ये वॉर्ड कॉलऱ्याने गेले. मार्शमन स्वतः इंग्लंडला जाऊन समितीपुढे बसले, पण १८२७ मध्ये सेरामपूर आणि संस्था यांची रीतसर ताटातूट झाली. केरींनी मार्शमन यांची बाजू अखेरपर्यंत सोडली नाही.

यात कोण बरोबर होते? आरोप करणाऱ्यांना माया सापडली नाही, कारण ती नव्हती. एवढ्यावर आपली चरित्रे थांबतात आणि सगळा दोष समितीवर टाकतात. मला तसे वाटत नाही. समितीतले लोक रुक्ष असतील, तरुण मिशनरी उतावळे असतील. पण मालमत्ता संस्थेच्या कामासाठी आहे म्हणायचे आणि ती पाहण्याचा हक्क संस्थेला द्यायचा नाही, हे न्यायाचे नव्हते. या माणसांनी पैशाचा मोह खरोखर जिंकला होता. चाळीस रुपयांत घर चालवून साडेचारशे देऊन टाकणे त्यांना सोपे गेले. त्या साडेचारशेंचे काय करायचे, हे दुसऱ्याने ठरवणे त्यांना जड गेले. लोभ खिशातून बाहेर पडला आणि तिजोरीच्या किल्लीत जाऊन बसला. तिथे तो ओळखूही येत नाही, कारण तिथे त्याच्या अंगावर सेवेचे कपडे असतात.

आणि शनिवार? मोठे घर झाल्यावर, माणसे वाढल्यावर, ज्यांच्याशी वाकडे होते ती माणसे पाच-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे बसलेली असल्यावर त्या शनिवारचा उपयोग होण्यासारखा नव्हता. पत्राला उत्तर येईपर्यंत वर्ष जात असे. तेवढ्यात राग पिकून खाली पडायचा.

पौलाने ही गोष्ट ओळखली होती, असे मला वाटते. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. तंबू शिवून स्वतःचे पोट भरणारा तो माणूस, कोणाच्या सोन्यारुप्याची हाव नसलेला. तरी करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की पैसे नेताना मंडळ्यांनी नेमलेला एक भाऊ सोबत आहे, म्हणजे या मोठ्या रकमेबद्दल कोणी आम्हांला नाव ठेवू नये. प्रभूच्या दृष्टीने जे योग्य ते तर पाहायचेच, पण माणसांच्या दृष्टीनेही. पौलाला देव जाणतो एवढे पुरेसे होते, असे आपण समजतो. त्याला ते पुरेसे वाटले नाही. मंडळ्यांनी नेमलेला म्हणजे पौलाने आपल्या मर्जीचा निवडलेला नव्हे, हेही पाहण्यासारखे आहे.

शेवटची वर्षे कठीण गेली. कलकत्त्यातल्या मोठ्या व्यापारी पेढ्या त्या काळी बँकेसारख्या ठेवी घेत आणि तो पैसा निळीच्या व्यवहारात घालत. १८३० च्या जानेवारीत पामर आणि कंपनी बुडाली, मग तीन-चार वर्षांत एकामागून एक बाकीच्या. सेरामपूरकरांनी निरनिराळ्या कामांसाठी ठेवलेले काही निधी त्यांत गेले. ज्या निळीने केरींना पहिला पगार दिला होता तिनेच हेही केले. त्याच सुमारास कॉलेजातली प्राध्यापकी सरकारने मोडीत काढली आणि त्यांना महिना पाचशेचे निवृत्तिवेतन ठरले. उत्पन्न एकदम निम्म्यावर आले. सत्तरीच्या उंबरठ्यावरचे केरी आणि मार्शमन यांनी इंग्लंडच्या मित्रांपुढे मदतीसाठी हात पसरला, आणि मदत आली. भांडणाच्या काळात तोंड फिरवलेल्यांतूनही थोडी आली म्हणतात.

९ जून १८३४ रोजी केरी वारले. त्यांचे मृत्युपत्र वाचण्यासारखे आहे. पहिल्याच भागात त्यांनी सेरामपूरच्या मिशनच्या जागेवरचा आपला कसलाही हक्क नाकारला आहे. शिंपले, कीटक, खनिजे वगैरेंचा संग्रह कॉलेजला दिला आहे. पुस्तके विकावीत आणि त्या पैशांतून जेबझ या मुलाला पंधराशे रुपये द्यावेत, कारण त्याच्या भावांना जे मिळाले तेवढे त्याला मिळालेले नाही, असे म्हटले आहे. महिना हजार रुपये मिळवलेल्या माणसाला एका मुलाचा वाटा पुरा करायला पुस्तके विकायला सांगावी लागली. हा जेबझ म्हणजे जहाजात बसताना काही आठवड्यांचा होता तोच.

मार्शमन १८३७ च्या डिसेंबरात गेले. त्याच दिवसांत लंडनमध्ये सेरामपूर आणि संस्था यांचा समेट झाला. जहाजाने बातमी येईपर्यंत मार्शमन मातीआड झालेले होते.

पुढच्या रविवारी मी वही त्या मुलीच्या हातात दिली आणि माफी मागितली. तिने दोन आठवडे घेतले. पावत्या कमी, आकडे इकडचे तिकडे. २०१९ च्या सहलीतले सहाशे चाळीस रुपये कुठे गेले ते काही केल्या सापडेना. बसवाल्याला जास्त दिले असतील, नाही तर पाणी घेतले असेल. मी म्हणालो, "राहू दे, मी माझ्याकडून भरतो," आणि खिशात हात घातला.

ती म्हणाली, "नको सर. भरू नका. हिशेब लागत नाही असं लिहून खाली सही करा."

तसे लिहिले आहे. वही आता संडे स्कूलच्या कपाटात असते आणि किल्ली तिच्याकडे.